विकलेली गिटार परत आणताना

गिटार विकण्यामागे माझी काही मजबुरी नव्हती. घरात दुखणं नव्हतं, कसला हप्ता थकला नव्हता. मला चांगली गिटार घ्यायची होती आणि सांगलीत विश्रामबागच्या दोन खोल्यांत दोन गिटारी मावणार नाहीत हे मीच ठरवून टाकलं होतं. 2018 च्या सुरुवातीची गोष्ट. ओएलएक्सवर फोटो टाकले, संध्याकाळपर्यंत फोन आला, दुसऱ्या दिवशी एक इंजिनिअरिंगचा पोरगा येऊन साडेतीन हजार देऊन गिटार घेऊन गेला. जाताना बॅगची चेन नीट लागेना, तर मीच जिन्यात बसून लावून दिली.

ती यामाहाची एफ-310. गिटारच्या क्लासची पायरी चढलेल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांची पहिली गिटार हीच. वरची फळी स्प्रूस लाकडाची, पण अखंड नाही, प्लायची. पाठ आणि बाजू मेरांटी लाकडाच्या. आत चिकटवलेल्या लेबलवर मेड इन इंडोनेशिया. जाणकार तिच्याकडे 'शिकायला ठीक आहे' अशा नजरेने बघतात. मीही कॉलेज संपल्यावर तसंच बघायला लागलो होतो. मग पुण्याहून सॉलिड टॉपची आणली. अखंड स्प्रूसची फळी, देखणी पॉलिश, किंमत जुनीच्या चौपट. आवाज खरंच चांगला होता, आजही आहे. त्या गिटारबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हळहळ लगेच सुरू झाली नाही. पहिले चार-सहा महिने तर मी येईल त्याला नवीन गिटार वाजवून दाखवत होतो. मग पावसाळा लागला. अखंड लाकडाला हवेतला ओलावा फार लागतो. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवा असं कंपन्या सांगतात. कृष्णाकाठी जुलैमध्ये हे कसं जमवायचं ते कंपन्यांनी येऊन दाखवावं. फळी ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या, मागे किंचित फुगली, तारा वर उचलल्या गेल्या, बोटं दुखायला लागली. एप्रिलमध्ये उलटा प्रकार: हवा कोरडी ठाक, फळी बसली, तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर खरखरायला लागल्या. मी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, ओल्या स्पंजची डबी असे उद्योग करत बसलो. जुन्या गिटारला दहा वर्षांत असलं काही लागलं नव्हतं. प्लायचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ती फारशी फुगत नाही की आकसत नाही. दाराच्या मागे खिळ्याला लटकायची, काढली की वाजायची.

आणि हात. दोन्ही गिटारींच्या मानेत फरक म्हणाल तर मिलिमीटरचा. नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात तो तुकडा, जुनीचा 43 मिलिमीटर रुंद, नवीनचा 44.5. जुनीच्या तारेची वाजती लांबी 634, नवीनची 650. कागदावर कुणी हसेल, पण पहिल्या पोझिशनला एफची कॉर्ड धरताना माझी करंगळी रोज तिच्या जुन्या जागी जायची आणि नवीन गिटारवर तिथे तार नसायची. सवय होईल म्हणालो. झालीही. पण सवय झालेल्या हाताने मी वेगळंच वाजवायला लागलो होतो. नवीन गिटारवर मी 'प्रॅक्टिस' करायचो. जुनीवर आईच्या भजनाला साथ करायचो.

आईचा सूर काळी एक. पेटी लागली की मी पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून सी कॉर्डच्या आकारात वाजवायचो, म्हणजे बरोबर काळी एक. त्या कॅपोने मानेच्या मागच्या बाजूला, अंगठा टेकतो तिथे, पॉलिश घासून बोटभर मऊ पट्टा झाला होता. नवीन गिटारला तसा पट्टा पडू नये म्हणून मी रबराचं अस्तर असलेला महागाचा कॅपो आणला. आईने एकदाच विचारलं, "ती लहान गिटार कुठं गेली रे?" विकली म्हटल्यावर काही बोलली नाही, पेटीचा भाता सोडला आणि पुढचं पद धरलं.

यावर माझा पहिला उपाय बावळट होता, पण त्यातून कळलं बरंच. जुनी मिळत नसेल तर तशीच दुसरी घेऊ. साताऱ्यात एकाकडे त्याच सुमाराची एफ-310 विकायला होती. पोवई नाक्याजवळ त्याचं घर. गेलो, वाजवून बघितली, घेऊन आलो, येताना कंदी पेढे आणले, घरात सगळे खूश. नंबर तोच, रंग तोच, मापं तीच. आणि माझी नव्हती. यात मी गूढ काही बघत नाही. त्याने ती फार वाजवलीच नव्हती, त्यामुळे पट्ट्या कोऱ्या होत्या. माझ्या पहिल्या तीन पट्ट्यांवर तारांनी घरं केली होती आणि बोट आपोआप त्यात जाऊन बसायचं. मान झिजलेली नव्हती. नट कंपनीने कापला तसा, उंच. गिटार जुनी झाली की तिचा आवाज 'उघडतो' म्हणतात, ते अखंड लाकडाबद्दल कदाचित खरं असेल. प्लायबद्दल मला तरी पटत नाही. झिजलेली होती ती हाताची जागा, आणि ती दुकानात मिळत नाही. ती गिटार मी शेजारच्या पोराला घेतल्या किमतीत देऊन टाकली. तो अजून वाजवतो, आणि बरा वाजवतो.

मग शोध. पोराचा नंबर मी 'ओएलएक्स गिटार' या नावाने ठेवला होता. लावला तर बंद. जाहिरात कधीच उडाली होती, चॅटही गेलं होतं. सांगलीतले दोन-तीन क्लास, वाद्यांची दुकानं फिरलो. सगळ्यांनी तेच विचारलं: त्यात एवढं काय होतं? एका दुकानदाराने तर नवी काढून समोर धरली. मध्ये 2019 चा ऑगस्ट येऊन गेला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, आणि त्या वर्षी पाणी 57 फुटांच्याही वर चढलं. गावभागात, मारुती चौकात, कुठे कुठे बोटी फिरत होत्या. लोकांचे संसार रस्त्यावर वाळत पडलेले असताना गिटार कुठे असेल हा विचार मनात आणायचीही लाज वाटायची. आला की मी तो गिळायचो. नंतर करोना. विषय मागेच पडला.

तो पुन्हा निघाला 2024 मध्ये, विम्याच्या पावत्या शोधताना. फाइलमध्ये एक पिवळं पाकीट निघालं, वर मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं नाव छापलेलं. साडेतीन हजार ज्या पाकिटातून आले होते तेच. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात 'गिटार' लिहिलेलं होतं. सहा वर्षं मी गावभर विचारत फिरत होतो आणि पत्ता कपाटात होता.

मार्केट यार्डात गेलो तेव्हा हळदीचे सौदे जोरात होते. पोती, धूळ, गर्दी, आणि तिथून बाहेर पडल्यावरही नाकातून न जाणारा वास. दुकानाचे मालक गादीवर. मी पाकीट पुढे केलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं, मग मला बघितलं.

"गिटार का? हाय की घरात. पोरगं पुण्याला गेलं नोकरीला. आता धाकटी वाजवती. तुम्ही ती परत मागायला आलाय?"

"मागायला नाही काका, विकत घ्यायला."

"सहा वर्षांनी?"

"हो."

"बसा. चहा सांगतो."

इथेच मी हरलो होतो. आयुष्यभर सौदे केलेल्या माणसाला गरजू गिऱ्हाईक लांबून कळतं. पण तोवर मला घाईच झाली होती. संध्याकाळी घरी बोलावलं. घर गावभागात, जुनं, दगडी जोत्याचं. भिंतीवर पुराची रेघ अजून दिसत होती, माझ्या डोक्याच्या वर. काकांनीच दाखवली. पाणी चढायला लागल्यावर त्यांनी आधी हिशेबाच्या वह्या माळ्यावर टाकल्या, मग देव, मग पोराने गिटार. "2005 ला आमची हळद हरिपूरच्या पेवात हुती. पाणी शिरलं, समदं गेलं. तवापासनं पाऊस बघितला की मी आधी सामान वर टाकतो." गिटार पाण्यात बुडाली नाही. पण घर कित्येक दिवस बंद, खाली चिखल, वर कोंदट ओल, आणि तारा पूर्ण ताणलेल्या.

धाकटी बारावीतली. बॅग घेऊन आली. मी चेन उघडली आणि पहिल्यांदा आत, गोल भोकातून, लेबल बघितलं. खंडेनवमीला आई घरातली विळी, पाना-पक्कड आणि शिलाई मशीन यांच्याबरोबर गिटारलाही हळद-कुंकू लावायची. एका वर्षी तिचं बोट भोकातून आत गेलं आणि लेबलच्या कोपऱ्यावर हळदीचा ठसा उमटला. तो होता. फिकट, पण बोटाच्या रेषांसकट. मी काकांना मोबाइलच्या उजेडात दाखवला.

त्यांनी चष्मा वर करून आत डोकावून बघितलं. "ही आमच्याकडची न्हवं," म्हणाले. "राजापुरी हळद असली तर अशी फिक्की पडली नसती."

मुलगी मात्र सरळ होती. "काका, खरं सांगू? ही फार जड वाजते. बोटं कापतात. मला पिकअपवाली पाहिजे, गॅदरिंगला माइकला लावता येते ती." बापाने तिच्याकडे असं बघितलं की ती आत पाणी आणायला गेली. पोरीने भाव पाडला होता. तरीही त्यांनी पाच हजारांवरून खाली यायचं नाव काढलं नाही. मी चार म्हटलं, साडेचार म्हटलं. ते म्हणाले, "साहेब, सहा वर्षं सांभाळली. पुरातनं काढली. आडतीला माल ठेवला तर भाडं पडतं का न्हाई?" याला उत्तर नव्हतं. पाच हजार दिले. पाकिटात घालून, त्यांच्याच.

घरी आणून वाजवली तेव्हा पोरगी खरं बोलत होती हे कळलं. बाराव्या पट्टीवर जाड तार जवळजवळ पाच मिलिमीटर उंच. अडीचच्या आसपास असली तर सुखाने वाजते. मान थोडी पुढे वाकलेली. आणि ब्रिजची मागची कड उचललेली. खाली व्हिजिटिंग कार्ड सरकवलं तर अर्धा इंच आत जात होतं. साध्या सेटच्या सहा तारांची एकत्र ओढ सुमारे 70 किलो भरते. ती ओढ रात्रंदिवस एका चिकटवलेल्या लाकडी पट्टीवर, त्यात ती ओल. ब्रिज उखडून हातात आला नाही हेच नशीब. गिटार महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर तारा सैल कराव्यात, एवढं तरी मी विकताना त्या पोराला सांगायला हवं होतं. पण तेव्हा मी पैसे मोजत होतो.

दुरुस्तीला मिरजेला गेलो. गिटार घेऊन सतारमेकर गल्लीत जायला जरा संकोच वाटतो. जिथे जन्मभर सतारी आणि तानपुरे झाले तिथे आपण इंडोनेशियाची प्लायवूडची पेटी घेऊन उभे. ही कला मिरजेत शिकलगारांच्या घरांतून आली असं सांगतात; हत्यारांना धार लावणारे हात संस्थानाच्या आश्रयाने वाद्यांकडे वळले, त्याला दीड शतक तरी होऊन गेलं. भोपळे अजून पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. 2024 मध्येच मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सौदा चालू असताना हे मी हळदवाल्या काकांना कौतुकाने सांगितलं होतं, तर म्हणाले, "हळदीला 2018 लाच मिळालंय."

मिरजेचे चाचा सत्तरीचे असतील. समोर भोपळे टांगलेले, मांडीवर तानपुऱ्याची घोडी, हातात कानस. गिटार बघून नाक मुरडलं नाही. तारा काढल्या, बोटाने फळीवर ठोकत ठोकत सगळीकडे ऐकलं, ब्रिजखाली पातळ पातं फिरवलं. "डिंक मेला हाय. लाकूड चांगलंय," एवढंच बोलले.

त्यांचं काम मी मुद्दाम बसून बघितलं. लोखंडी पातं तापवून त्यांनी ते ब्रिजखाली हळूहळू सरकवलं, कुठेही घाई नाही. थांबायचे, पुन्हा तापवायचे. ब्रिज सुटल्यावर खालची जुनी, काचेसारखी कडक झालेली चिकट खरवडली, पार कोरं लाकूड लागेपर्यंत. मी म्हटलं, थोडी राहिली तर चालेल ना? "चिकटीवर चिकट धरत नाय." मग नवीन चिकट लावून ब्रिज बसवला, आणि दाबून ठेवायला आपल्याच पद्धतीने सुतळी आणि लाकडी पाचरा. रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मान सरळ करायची आतली सळई किल्लीने पाव फेरा आवळली, थांबले, दांडीवरून एक डोळा मिटून बघितलं, परत थोडी.

सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, प्लास्टिकची होती. ती त्यांनी काढून टेबलावर टाकली आणि उंटाच्या हाडाचा तुकडा घेतला, सतारीच्या घोडीला वापरतात तोच. मापात कापून घासायला लागले. मी गंमत म्हणून विचारलं, "चाचा, जवारी काढणार का हिची?" ते हसले. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि तार त्यावर जराशी घसटत सुटते, म्हणून तो झंकार, तीच जवारी. खाली दोऱ्याचा जीवा सरकवून तो झंकार कुठे उघडायचा ते ठरतं. त्यांचं अर्धं आयुष्य तार कशी घसटावी हे बघण्यात गेलं, आणि माझ्या गिटारसाठी ते उलटं करत होते. हाडाचा माथा अरुंद, एका बाजूला उतरता, तार एका बिंदूवरून स्वच्छ सुटावी म्हणून. "तुमचं वाजणं म्हणजे आमची खोड," म्हणाले, "आणि आमचं वाजणं तुमची."

पट्ट्यांवरची ती घरं घासून सपाट करू का, असंही विचारलं. खरखर थांबली असती, सुरात जास्त बसली असती. नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

आता आवाजाचं सांगतो. गिटार पूर्वीसारखी वाजत नाही. हाडाच्या सॅडलने वरच्या तारा स्वच्छ झाल्या, थोड्या धारदार. जुना घुमा आवाज गेला. ब्रिज पक्का बसल्यावर खालचा 'ई', म्हणजे सगळ्यात जाड तारेचा सूर, लांब चालतो. शेजारी कुणी डोळे मिटून ऐकलं तर ही तीच गिटार आहे हे ओळखणार नाही. आईनेही ओळखलं नाही. मी कॅपो लावला, पट्टा त्याच जागी आला, तिने पेटी ओढली आणि म्हणाली, "ही बरी आहे, हिचा आवाज माझ्या आवाजावर बसत नाही." पूर्वीची बसायची, असा त्याचा अर्थ. एवढी वर्षं सांगितलं नव्हतं.

सॉलिड टॉपची विकून टाकावी असं मनात येऊन गेलं. बायकोने बजावलं, "ठेव. परत हिच्यामागे फिरायला लागलं तर मी येणार नाही." आता आमच्या घरात दोन गिटारी मावतात, खोल्या दोनच असूनही. दिवाणाच्या मागे एक आणि दाराच्या खिळ्याला एक.

परवा हळदवाल्या काकांचा फोन आला. माझ्या पाच हजारांत भर घालून मुलीला पिकअपवाली घेतली होती, आणि पहिल्याच पावसात तिच्या तारा उचलल्या होत्या. मिरजेच्या चाचांचा पत्ता पाहिजे होता. मी सांगितला. तो लिहून घेतल्यावर म्हणाले, "आणि घेतात किती, ते आधी सांगा. तुमच्याकडनं जास्त घेतलं असंल."